राणी कलरची दांडी

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे गाडीचं माप घेणं. बॉनेट मी हाताने वर धरलेलं, कारण त्याच्या टेकूची काडी कधीच हरवलेली, आणि बायको गळ्यातला टेप काढून इंजिनावर वाकलेली. ती ब्लाउज शिवायची. डोंबिवलीतल्या अर्ध्या बायका माझ्याकडे येतात, असं ती म्हणायची. अर्ध्या नसतील, पण आमच्या गल्लीतल्या सगळ्या यायच्या. टेप तिच्या गळ्यात कायम असायचा. झोपताना काढायची, तोही आठवण केली तर.

"श्वास सोडा," ती म्हणाली.

"कोण, मी?"

"मग काय गाडी? श्वास धरून उभे आहात, हात थरथरतोय. बॉनेट पडलं माझ्या मानेवर तर?"

मी श्वास सोडला. तिने इंजिनाच्या डाव्या बाजूच्या पत्र्याच्या टोपीपासून उजव्या बाजूच्या टोपीपर्यंत टेप लावला, चिमटीत धरला, परत लावला. ब्लाउजचं माप ती कधी कागदावर लिहायची नाही. नुसते ओठ हलवायची आणि डोक्यात ठेवायची. इथंही ओठ हलवले. मग पदराला हात पुसला आणि म्हणाली, "झालं. चला, गॅसवर भाजी आहे."

एवढंच. त्याच आठवड्यात एका दुपारी जेवून पडली ती उठली नाही. डॉक्टर म्हणाला, त्रास झाला नाही. मी म्हटलं, तिला नसेल झाला.

आता गाडीचं माप कशाला, ते सांगतो. नाहीतर वाचणाऱ्याला वाटायचं, म्हातारा आधीपासूनच हललेला होता आणि म्हातारीही.

मी जन्मभर कंपनीची बस चालवली. शिक्षण सातवी, त्यातही शेवटची दोन वर्षं मास्तरांनी दया केली. रिटायर झाल्यावर एक जुनी छोटी गाडी घेतली. मुलगी ठाण्याला वर्तकनगरमध्ये दिलेली, तिच्याकडे जायला यायला. दर पंधरवड्याला बायको काळ्या वाटाण्याची आमटी करायची, मालवणी पद्धतीची, आणि डबा मांडीवर घेऊन पुढच्या सीटवर बसायची. डबा स्टीलचा, तिच्या आईने दिलेला. झाकण नावाला. कल्याण-शीळ रस्ता, मग शीळफाटा, मग मुंब्रा बायपासची वळणं. प्रत्येक वळणावर बायको दाराकडे जायची आणि आमटी साडीकडे.

"ही गाडी आहे की पाळणा?"

"रस्ता खराब आहे."

"रस्ता सगळ्यांना तोच आहे. त्या शेजारच्या गाडीतली बाई बघा. कोरडी बसलीय."

"तिच्या मांडीवर आमटी नाहीये."

"तिच्या नवऱ्याने गाडी नीट ठेवलीय, हे म्हणा."

हे असं चालायचं. आणि मग तिला मोबाइलवर ते सापडलं. झालेलं असं, की मी एकदा तिच्या फोनवर पंक्चरचा व्हिडिओ बघितला. त्या दिवसापासून तो फोन तिला गाड्याच दाखवायला लागला. फोन मशीनला टेकवून ठेवायची, एकीकडे अस्तर लावायची आणि एकीकडे बघायची. एक हिंदी बोलणारा माणूस होता, तो गाडीच्या पोटात शिरून सगळं समजावून सांगायचा. मला वाटलं, कंटाळेल. नाही कंटाळली. एक दिवस जेवताना म्हणाली, "अहो, आपल्या गाडीला स्ट्रट बार पाहिजे."

माझा घास हातात राहिला.

स्ट्रट बार म्हणजे फार काही नाही. पुढच्या दोन चाकांचे शॉकअप वर जिथं येऊन बसतात, तिथं इंजिनच्या दोन्ही बाजूंना पत्र्याच्या दोन टोप्या असतात. त्या दोन टोप्यांना जोडणारी आडवी दांडी. वळणावर गाडीचा पुढचा भाग पिळवटतो, तो या दांडीने आवळलेला राहतो, असं म्हणतात. आमच्या गाडीत तशी एक पट्टी होती. मीच भंगारातून आणून लावलेली. पातळ होती, गंजलेली होती आणि मध्ये वाकलेली होती.

"आहे की पट्टी," मी म्हटलं.

"ती पट्टी नाही, ती पापडाची लाटी आहे. जाड पाइपची पाहिजे. मी शीळफाट्याला विचारून आलेय. तिथं एक वेल्डर बनवून देतो."

"तू कधी गेलेलीस शीळफाट्याला?"

"रिक्षाने. शेअर रिक्षाने. आमटी नव्हती बरोबर, त्यामुळे आरामात गेले."

मी म्हटलं, मग पट्टी काढून देतो, मापाला ने. तर तिला ते पटेना. जुन्या ब्लाउजवरून माप घेतलं की बाई रडत येते, हा तिचा नियम. जुना ब्लाउज ताणलेला असतो, आटलेला असतो, आणि बाईही आता ती राहिलेली नसते. माप अंगावरूनच घ्यायचं. म्हणून आम्ही त्या दिवशी खाली उतरलो, पट्टी काढली आणि गाडीचं माप अंगावरून घेतलं. दुसऱ्या दिवशी ती परत रिक्षाने जाऊन वेल्डरला सांगून आली. पुढचं वर लिहिलंच आहे.

तेराव्यानंतर पाहुणे गेले. मुलगी राहिली. जावई ऑफिसला जाऊन संध्याकाळी इकडेच यायचा. बिचारा चांगला माणूस आहे, पण आमच्या बाथरूमची कडी त्याला शेवटपर्यंत जमली नाही.

मुलगी म्हणाली, "बाबा, चला आता. इथं एकटे काय करणार?"

"जेवणार आणि झोपणार."

"जेवण कोण करणार?"

"मी."

"तुम्हाला फक्त चहा येतो."

"चहा पिऊन झोपणार."

"बाबा, मी मस्करी करत नाहीये. आम्ही आतली खोली रिकामी केलीय. पंखा नवीन लावलाय. फक्त गाडी विकायला लागेल, आमच्याकडे पार्किंग नाही."

आतली खोली मी बघितलेली. चांगली आहे. खिडकीतून दुसऱ्या बिल्डिंगची खिडकी दिसते, आणि त्या खिडकीत एक म्हातारा बसलेला असतो. मला त्याच्यासमोर जाऊन बसायचं नव्हतं. दोघांनी एकमेकांकडे बघत दिवस काढायचे, म्हणजे आरशात बघण्यासारखं. पण हे मुलीला कसं सांगायचं. ती खरंच माझ्या काळजीने बोलत होती.

तेवढ्यात बायकोचा फोन वाजला. मशीनवर होता. मी तो रोज चार्ज करत होतो. का करत होतो, विचारू नका.

"काकू, तुमची दांडी तयार आहे," पलीकडून एक माणूस. मागे खर्र खर्र आवाज.

"काकू नाहीत."

"बाहेर गेल्यात का?"

"वारल्या."

मागचा आवाज कुणीतरी बंद केला. मग तो हळूच म्हणाला, "मग दांडीचं काय करू?"

"दांडी तर वारली नाही ना? येतो न्यायला."

मुलीने विचारलं कसली दांडी. मी सांगितलं. तिने माझ्याकडे बघितलं, मग आईच्या फोटोकडे बघितलं, मग परत माझ्याकडे. आमच्या दोघांत जास्त वेडं कोण होतं, याचा हिशोब करत असावी.

मी म्हटलं, "हे बघ. तिने सांगून केलेली वस्तू आहे. ती गाडीला लागायला पाहिजे. दांडी लागली की मी येतो तुझ्याकडे राहायला, गाडी विक नाहीतर जाळ. तोवर हा विषय काढायचा नाही."

"नक्की?"

"शब्द."

एका दांडीला किती वेळ लागतो. मुलगी समाधानाने आपल्या घरी गेली.

मी शीळफाट्याला गेलो. वेल्डरने पोत्यात गुंडाळलेली दांडी काढली, पोतं सोडलं आणि मी मागे सरकलो. दांडी राणी कलरची होती. लग्नात नवरीच्या मावशीने नेसावी, तसा झगझगीत रंग.

"हा कुणी सांगितला रंग?"

"काकूंनीच. कापडाचा तुकडा दिला मॅचिंगला. म्हणाल्या, एक शेड इकडे तिकडे झाली तर घेणार नाही." त्याने खिशातून तुकडा काढून दाखवला. खरंच, एक शेडही इकडे तिकडे नव्हती.

"गाडी राखाडी आहे माझी," मी म्हटलं.

"मी पण विचारलेलं, काकू आत कोण बघणार? तर मला म्हणाल्या, अस्तर पण आतच असतं."

मी दांडी उचलली. दांडी गाडीत मागे मावेना. शेवटी तिरकी घातली, एक टोक मागच्या सीटवर आणि एक टोक पुढच्या डाव्या सीटवर. पहिल्याच खड्ड्यात ती गिअरवर येऊन पडली. म्हणून तिला बायकोच्या सीटचा पट्टा लावला. सिग्नलला हवालदाराने आत डोकं घातलं.

"काका, हे काय बांधून नेताय?"

"बायकोचं आहे."

त्याने दांडीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि हात केला, जावा.

बिल्डिंगच्या खाली आलो, बॉनेट उघडलं, आणि यावेळी ते धरायला कुणी नव्हतं म्हणून झाडू लावला. टोप्यांवरचे बारके नट काढले. मधला मोठा नट असतो त्याला हात लावायचा नाही, तो सुटला तर आतली स्प्रिंग तोंडावर येते. माझं तोंड तसंही काही खास नाही, पण असू द्या. डाव्या बाजूला दांडीची भोकं बोल्टवर बसवली. सुरेख बसली. उजव्या बाजूला आणली, तर भोकं बोल्टच्या पलीकडे. अर्धा इंच बाहेर.

परत सोडलं. दांडी बरोबर मधोमध धरली. आता दोन्ही बाजूंना पाव पाव इंच बाहेर. इकडे पाव, तिकडे पाव.

मी उभा राहिलो आणि मला हसू यायला लागलं. तिने मार्जिन धरलेलं. ब्लाउजला दोन्ही बाजूंच्या शिलाईत ती बरोबर तेवढंच कापड जास्तीचं सोडायची, पुढेमागे बाई सुटली तर उसवून सैल करायला. टेपने माप घेतलं, ओठ हलवले, आणि सवयीने गाडीलाही दोन्हीकडे सोडलं. गाडी उद्या अंगाने भरली तर. मी एकटाच बॉनेटमध्ये डोकं घालून हसत होतो. वॉचमन लांबून बघत होता. मग माझं हसणं जरा वेगळं व्हायला लागलं, तसा तो पाठ करून उभा राहिला. शहाणा माणूस.

यावर उपाय काय, तेही मला तिथंच कळलं होतं. गोल कानस घ्यायची आणि भोकं आतल्या बाजूला घासून लांबट करायची. एका दुपारचं काम. कानस डिकीतच होती, हत्यारांच्या पिशवीत.

मी पिशवीची नाडी बांधली आणि वर जाऊन चहा केला.

संध्याकाळी मुलीचा फोन. "लागली का दांडी?"

"भोकं जुळत नाहीत."

"अरे देवा. मग?"

"मग बघू."

पुढचे दिवस चांगले गेले, हे मी कबूल करतो. रोज दुपारी खाली उतरायचो, बॉनेट उघडायचो, दांडी ठेवून बघायचो, मान हलवायचो. दुसऱ्याच दिवशी माणसं जमायला लागली. आमच्या सोसायटीत रिटायर माणसं पुष्कळ आहेत आणि सगळ्यांना सगळं येतं.

सेक्रेटरी म्हणाले, "लोखंड थंड केलं की आकसतं. शाळेत शिकलोय." तळमजल्यावरच्या वहिनींकडून बर्फ आणला. दांडीला टॉवेल गुंडाळून बर्फ बांधला आणि आम्ही चौघं जण बाजूला खुर्च्या टाकून बसलो, जसं ताप आलेल्या माणसाजवळ बसतात. मध्ये मध्ये सेक्रेटरी हात लावून बघायचे. बर्फाचं पाणी झालं, दांडी होती तेवढीच राहिली. वहिनींचा टॉवेल मात्र कडेने गुलाबी झाला, त्यावरून वेगळं भांडण.

दुसरे एक होते, पूर्वी वजनकाट्याच्या दुकानात असलेले. ते म्हणाले, दांडी छोटी करू नका, गाडी मोठी करा. पुढच्या दोन्ही मडगार्डवर वजन टाकलं की टोप्या फाकतील. बिल्डिंगमधले सगळ्यात जाड दोघे बोलावले. एक डावीकडे बसला, एक उजवीकडे. गाडी नाक घासायला लागली. "अजून जोर द्या," वजनकाटेवाले ओरडत होते. डावीकडचा म्हणाला, "बसलेल्या माणसाने अजून जोर कसा द्यायचा?" तेवढ्यात त्याची बायको गॅलरीत आली आणि तिने वरून जे विचारलं ते इथं लिहिण्यासारखं नाही. टोप्या फाकल्या नाहीत. मडगार्डला मात्र दोन खळगे पडले, एक मोठा, एक त्याहून मोठा.

मी सगळ्यांचं ऐकत होतो. होय म्हणत होतो. माणसं संध्याकाळी वर जाताना विचारायची, "उद्या किती वाजता?" माझ्या घरी त्या दिवसांत कुणी सांत्वनाला आलं नाही. सगळे दांडीला आले. मला ते बरं पडलं. सांत्वनाला आलेला माणूस चेहरा पाडून बसतो आणि आपल्यालाच त्याला चहा द्यावा लागतो.

रविवारी जावई आला. ऑफिसला जातो तोच शर्ट घालून. त्याने फोनवर सगळं वाचलेलं. खाली वाकून बघितलं, दांडी उचलून बघितली, शर्टाला ग्रीस लावून घेतलं आणि सरळ म्हणाला, "बाबा, यात काही नाही. मी शीळफाट्याला घेऊन जातो. मधून अर्धा इंच कापून परत वेल्डिंग करून देतील."

बरोबर होतं त्याचं. पण मी दांडी त्याच्या हातातून काढून घेतली.

"कापायची नाही," मी म्हटलं.

"का पण?"

"तिने सांगितलेली आहे. तिची वस्तू कापायची नाही."

त्याच्या सासूने त्याच्यासाठी शिवलेल्या झब्ब्याच्या बाह्या अजून त्याच्या बोटांवर येतात, पण त्याने त्या कधी कापून घेतल्या नाहीत. त्यामुळे त्याला कळलं असावं. वर येऊन हात धुतले, बाथरूममध्ये अडकला, मी कडी उघडून त्याला बाहेर काढला आणि तो ठाण्याला गेला.

घरी जाऊन त्याने मुलीला काय सांगितलं कुणास ठाऊक. पुढच्या शनिवारी मुलगी एकटीच आली. रिक्षातून उतरली ती वर न येता सरळ गाडीकडे. तेव्हा माझी नेहमीची मंडळी खुर्च्या टाकून बसलेली.

"काका, जरा वर जाऊन येता का सगळे?" तिने सांगितलं. सगळे गेले. आवाज आईचा आहे तिचा.

मग मला म्हणाली, "टेप आणा."

"कुठला?"

"आईचा."

मी वर गेलो, मशीनच्या खणातून टेप आणला. तिने तो सवयीने गळ्यात टाकला, मग काढला. आईच्या हाताखाली बसून तीही शिकलेली, लग्नाआधी फॉल-पिको तीच करायची. मी बॉनेट धरलं. तिने टोप्यांचं माप घेतलं, ओठ हलवले. मग दांडीचं घेतलं, परत ओठ हलवले. दांडी मधोमध ठेवली. डावीकडे बोट लावून बघितलं, उजवीकडे बोट लावून बघितलं.

मग ती खाली कठड्यावर बसली आणि हसायला लागली. तोंडावर हात घेऊन, खांदे हलवत. "मार्जिन," एवढंच म्हणत होती. "बाबा, आईने गाडीला मार्जिन ठेवलंय. दोन्ही साइडला." हसता हसता डोळे पुसत होती. मीही हसलो. मी जरा लवकर हसलो, तिथं चुकलं.

तिने हात खाली घेतला. "तुम्हाला माहीत होतं."

"मला काय माहीत असणार. मी ड्रायव्हर माणूस."

"बाबा."

"हं."

"कधीपासून?"

"दांडी आणली त्या दिवसापासून."

"आणि ते बर्फ लावत होते ते?"

"त्यांना हौस होती."

ती माझ्याकडे बघत राहिली. मी बॉनेट धरून उभा. हात दुखायला लागला होता, पण आता खाली सोडायची सोय नव्हती.

"मग कानशीने भोकं मोठी का नाही केलीत? तुम्हाला काय अवघड आहे त्यात?"

मी म्हटलं, "दांडी लागली की तुझ्याकडे यायला लागेल. शब्द दिलाय."

जे होतं ते सांगितलं. तिला वाईट वाटणार हे माहीत होतं, आणि वाटलं. नखाने दांडीचा रंग खरवडत बसली थोडा वेळ. मग म्हणाली, "मग नका लावू. राहू दे अशीच."

असं ती म्हणेल असं मला वाटलं नव्हतं. म्हणजे सुटलो की मी. दांडी वर नेऊन ठेवायची मशीनवर, बॉनेट बंद करायचं आणि आपल्या घरी राहायचं. पण ती दांडी तिथं उन्हात पडलेली, राणी कलरची, एक शेड इकडे तिकडे नाही. जन्मभर बायकांचे ब्लाउज वेळेवर देणारी बाई. तिचं शेवटचं शिवण, आणि ते मी अडकवून ठेवलेलं, कारण मला ठाण्याला जायचं नव्हतं.

मी डिकी उघडली आणि कानस काढली.

"धर," मी मुलीला म्हटलं. "हलली तर बोट जाईल."

संपूर्ण दुपार घासत होतो. ती दांडी घट्ट धरून बसलेली. एकेक भोक आतल्या अंगाला लांबट करायचं, बोल्टला लावून बघायचं, परत घासायचं. मंडळी गॅलरीतून बघत होती. सेक्रेटरींनी वरून विचारलं, "बर्फ पाठवू का?" मुलीने नुसतं वर बघितलं, ते आत गेले.

घासलेल्या कडांचा रंग गेलेला. तिथं गंज धरेल म्हणून मी ऑइल लावणार होतो, तर मुलीने पर्समधून नेलपॉलिश काढलं. राणी कलर नव्हता, जवळपासचा होता. सगळ्या भोकांच्या कडेने नीट ब्रश फिरवला. "आई ओरडली असती, शेड जुळत नाही," म्हणाली. मग दांडी ठेवली. दोन्ही बाजूंनी खट्ट बसली. नट आवळले. बॉनेट लावलं आणि बाहेरून काहीच दिसेना. अस्तरासारखं.

निघताना रिक्षात बसून तिने विचारलं, "मग?"

"शब्द दिलाय."

"मी जबरदस्ती करत नाहीये."

"मी कुठं म्हटलं."

रिक्षा वळेपर्यंत ती मागे बघत होती. मी वर आलो, हाताचं ग्रीस राखेने घासून काढलं आणि काळे वाटाणे भिजत घातले.

दुसऱ्या दिवशी सकाळी उठून आमटी केली. खोबरं भाजलं, थोडं जळलं, तेच वाटलं. कांद्याने रडवलं, त्याचं काही नाही, तो सगळ्यांना रडवतो. कुकरच्या शिट्ट्या मोजल्या नाहीत. शेजारच्या वहिनी दार वाजवून विचारून गेल्या, सगळं ठीक आहे ना. बायकोच्या आईचा तो डबा काढला, काठोकाठ भरला, झाकण लावलं. खाली आणून पुढच्या डाव्या सीटवर ठेवला आणि पट्टा लावला.

खाडीवरच्या नवीन पुलावरून ठाण्याला लवकर पोचतो माणूस. पण तो रस्ता सरळ आहे. सरळ रस्त्यावर कुणाचीही आमटी राहते. मी शीळफाट्यावरून गेलो. तिथं वेल्डर शटर उघडत होता, त्याला हॉर्न दिला. मग बायपासची वळणं आली. पहिल्या वळणाला डब्याकडे बघितलं. दुसऱ्याला बघितलं. मागचा ट्रकवाला हॉर्नवर हॉर्न देत होता, कारण मी बैलगाडीच्या स्पीडने चाललेलो. देऊ दे. आता दांडीने आमटी राहिली की हळू चालवल्याने राहिली, हे मला विचारू नका. बायको दोन्ही सांगायची. दांडी लावा सांगायची आणि हळू चालवा सांगायची.

वर्तकनगरला मुलीने दार उघडलं. माझ्या हाताकडे बघितलं.

"बॅग कुठाय?"

"डबा आणलाय."

मी डबा टेबलावर ठेवला, झाकण काढलं. काठाशी होती तशी होती. जावईही आतून आला आणि बघत उभा राहिला. एक थेंब बाहेर नव्हता. मुलीने पळी घातली, तळहातावर घेऊन चाखली. परत घेऊन चाखली. मला वाटलं, आईची आठवण आली.

"मीठ नाहीये," ती म्हणाली.

मी चाखली. खरंच नव्हतं. अजिबात घातलंच नव्हतं.

"उद्या घालून आणतो," मी म्हटलं.

तिने माझ्याकडे बघितलं. मी खुर्चीवर बसलो आणि भाकरी मागितली. तिघांनी ती आमटी वरून मीठ घेऊन खाल्ली. जावयाने दोनदा घेतली, आणि आतल्या खोलीचं नाव कुणी काढलं नाही.

निघताना तिने डबा धुवून पुसला. आमच्यात रिकामा डबा परत देत नाहीत, काहीतरी घालूनच देतात. तिने बरणी काढली आणि डबा गच्च मिठाने भरला. मीठ हातात देत नाहीत, भांडण होतं म्हणतात, म्हणून टेबलावर ठेवला आणि म्हणाली, "घ्या."

मी उचलला, खाली आलो, डाव्या सीटवर ठेवला. मीठ काही सांडत नाही. तरी पट्टा लावला आणि डोंबिवलीला निघालो.